प्रौढांसाठीची चित्रं काढून घर चालतं का?

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

इन्स्टाग्रामवर असा निरोप आला की पुढचा प्रश्न मला वाचावाही लागत नाही. विचारणारी मुलगी किंवा मुलगा चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला असतो. एका लोगोचे दीड हजार वसूल करायला महिनाभर तगादा लावून दमलेला असतो. आणि कुठून तरी कानावर आलेलं असतं, की अठरा वर्षांवरच्यांसाठीची चित्रं काढणारे लोक घरबसल्या डॉलरमध्ये कमावतात. खरं आहे का हे? आणि असलं तर आपल्याला जमेल का?

मी स्वतः लहान मुलांची पुस्तकं रंगवते. हत्ती, ससे, डब्यातली पोळीभाजी. पण माझी कॉलेजातली मैत्रीण गेली सात वर्षं ठाण्यात बसून त्या दुसऱ्या कामावर घर चालवते. तिचा हिशोब मी ठेवते, कारण तिला आकडे दिसले की जांभया येतात. तेव्हा मी सांगते आहे ते तिच्या एक्सेल शीटमधून. उत्तर आधीच सांगून टाकते: पैसा आहे, आणि नीट बसवला तर टिकतो. फक्त तो चित्राच्या देखणेपणावर कमी ठरतो. कुठल्या नळातून येतो आणि त्या नळाची चावी कुणाकडे आहे, यावर जास्त ठरतो.

'अडल्ट' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते. प्रत्यक्षात हा पट्टा बराच लांब आहे. एका टोकाला परदेशात स्वतःची प्रेमकथेची पुस्तकं स्वतःच छापणाऱ्या लेखिकांना लागणारी मुखपृष्ठं: उघड्या छातीचा नायक, वाऱ्यावर उडणारा सदरा. मग पिन-अप, म्हणजे जुन्या कॅलेंडरांवर असायच्या तशा मोहक बायका. मग नवराबायकोनं एकमेकांना भेट द्यायला काढून घेतलेली खासगी चित्रं, खेळातल्या पात्रांची चित्रं, कॉमिक्स. आणि दुसऱ्या टोकाला उघड संभोगचित्रं. भारतात बसून काम करणाऱ्यानं या पट्ट्यावर कुठं उभं राहायचं, हा आवडीपेक्षा कायद्याचा प्रश्न आहे. त्याकडे येतेच.

शिंपी, रतीब आणि रेडिमेड

पैसे मिळवायच्या वाटा तीन. पहिली शिंप्याची: गिऱ्हाईक माप देणार, आपण शिवणार. याला कमिशन म्हणतात. दुसरी रतिबाची: दर महिन्याला ठरावीक वर्गणी भरणारे लोक, त्यांना दर आठवड्याला काहीतरी नवीन. पॅट्रिऑन, पिक्सिव्ह फॅनबॉक्स ही त्याची दुकानं. तिसरी रेडिमेडची: एकदा काढलेलं चित्रपुस्तक किंवा कॉमिक पुनःपुन्हा विकायचं. जपानमध्ये या तिसऱ्या वाटेवर एक अख्खी अर्थव्यवस्था उभी आहे. १९७५ पासून तोक्योत भरणाऱ्या कॉमिकेट या मेळ्यात हौशी चित्रकार स्वतः छापलेली पुस्तकं विकतात. जपानच्या दंडसंहितेतल्या १७५ व्या कलमामुळे विवक्षित जागा मोझॅकनं किंवा पट्टीनं झाकाव्या लागतात, आणि तेही सगळे निमूटपणे झाकतात.

नवखे सगळे शिंप्याच्या वाटेनं सुरुवात करतात, आणि बहुतेक तिथंच दमतात. का, ते आकड्यांत बघू. हिशोबापुरता डॉलर ८५ रुपयांचा धरते.

एक पात्र, मागं साधी खोली, पूर्ण रंगकाम: बारा तास. गिऱ्हाइकाशी बोलणं, कच्चं रेखाटन दाखवणं, "केस थोडे लांब करता का" हे ऐकून घेणं: आणखी तीन तास. एकूण पंधरा. नवखी मुलगी भीत भीत ४० डॉलर सांगते. पेमेंट कंपनीची फी आणि चलन बदलताना जाणारा भाग मिळून ८ टक्के धरले तर हातात ३,१२८ रुपये. तासाला २०८. यातून वीज, टॅबलेट, सॉफ्टवेअर आणि कर अजून जायचेत. तेच काम १५० डॉलरला केलं तर हातात ११,७३० येतात, तासाला ७८२.

"मग मी १५० च सांगते की!" सांग ना. पण महिन्याला किती होतील? पंचवीस दिवस, रोज सहा तास, म्हणजे १५० तास. त्यातले एक तृतीयांश अशा कामात जातात ज्याचे कुणी पैसे देत नाही: पोस्ट टाकणं, सराव, आणि ज्यांना मागवायचं काहीच नसतं, फक्त गप्पा मारायच्या असतात अशांना उत्तरं देणं. (या धंद्यात असे फार.) उरलेल्या शंभर तासांत सहा चित्रं. ७०,३८० रुपये. छान वाटतं. पण सहा मागण्या दर महिन्याला येत नाहीत. माझ्या मैत्रिणीच्या शीटमध्ये जानेवारीचा रकाना दरवर्षी कोरडा असतो, कारण नाताळात तिकडच्या लोकांचे खिसे रिकामे झालेले असतात. दोनच चित्रं आली तर २३,४६०. आणि हप्ता काही जानेवारी बघून येत नाही.

म्हणून रतीब. ५ डॉलर महिना देणारे १५० लोक जमले, फी वजा जाता माणशी ४ डॉलर हातात पडले, तर ६०० डॉलर, ५१,००० रुपये, मागणी येवो न येवो. हा पाया. कमिशन त्यावरची कमाई. पाया बांधायला वेळ मात्र लागतो. तिच्याकडे पहिल्या वर्षअखेरीस किती वर्गणीदार होते? एकोणीस. त्यातली एक मी.

आणि रतिबाला गळती असते. दर महिन्याला शंभरातले आठ जण सोडून गेले असं धरलं, तर १५० च्या दुकानात नुसतं जागेवर उभं राहायला दर महिन्याला बारा नवे लोक आणावे लागतात. म्हणून एखादं चित्र हजारो लोकांनी शेअर केलं म्हणून हुरळण्यात अर्थ नसतो. त्यातले किती आले, यापेक्षा तिसऱ्या महिन्याला किती राहिले ते बघायचं. लोक राहतात ते गोष्टीसाठी. माझ्या मैत्रिणीची दोन पात्रं आहेत, एक दर्यावर्दी बाई आणि एक घड्याळजी. गेली चार वर्षं त्यांचं जमतंय आणि बिनसतंय. वर्गणीदारांना ती दोघं पुढं काय करतात हे बघायचं असतं. कपड्यांचा प्रश्न त्यानंतरचा.

इथेच यंत्रानं काढलेल्या चित्रांचीही गोष्ट येते. २०२२ नंतर नुसती सुंदर बाई काढून देणं हे काम जवळजवळ फुकट झालं. २०-३० डॉलरची गिऱ्हाइकं तिकडे गेली, ती परत येत नाहीत. राहिली ती ज्यांना त्यांचंच पात्र, त्याच डाव्या भुवईवरच्या व्रणासकट, चाळीस चौकटींत सारखं हवंय. आता बरेच जण चित्रासोबत ते काढतानाचा व्हिडिओही मागतात, हातानं काढल्याची खूण म्हणून.

नळाची चावी

आता मुख्य गोष्ट. डेन्मार्कमधल्या गिऱ्हाइकानं कार्ड वापरलं आणि पैसे ठाण्यात आले, यामध्ये निदान पाच जण असतात: त्याची बँक, व्हिसा किंवा मास्टरकार्ड, दुकानाच्या वतीनं पैसे स्वीकारणारी बँक, व्यवहार हाताळणारी स्ट्राइप-पेपालसारखी कंपनी, आणि ज्या संकेतस्थळावर चित्र विकलं ते. या पाचांपैकी कुणीही एक "हे आमच्या नियमांत बसत नाही" म्हणाला की नळ बंद. चित्रकाराला कुणी विचारत नाही.

यांना या मालाची एवढी ॲलर्जी का? सोवळेपणा हे अर्धंच कारण. या धंद्यात चार्जबॅक फार होतात: माणूस रात्री पैसे भरतो, सकाळी बायकोच्या हाती स्टेटमेंट पडतं, मग तो बँकेला सांगतो की मी हे केलंच नाही, आणि पैसे उलटे फिरतात. त्यावर कायद्याची भीती. डिसेंबर २०२० मध्ये पॉर्नहबवर संमतीशिवाय आणि अल्पवयीनांचे व्हिडिओ असल्याचा गदारोळ झाला आणि व्हिसा-मास्टरकार्डनं तिथली कार्डं बंद केली. ऑक्टोबर २०२१ पासून मास्टरकार्डनं दिसणाऱ्या प्रत्येक माणसाचं वय आणि संमती कागदावर मागायला सुरुवात केली. खऱ्या माणसांच्या बाबतीत हे रास्तच आहे. चित्रातल्या घड्याळज्याकडून आधार कार्ड कसं घ्यायचं, हे मात्र कुणी सांगितलेलं नाही. पण कंपन्यांना वेगवेगळे नियम करायला परवडत नाही, मग एकच झाडू सगळ्यांवर फिरतो.

तो कसा फिरला बघा. डिसेंबर २०१८ मध्ये टम्ब्लर या ब्लॉगच्या संकेतस्थळानं प्रौढांसाठीचा मजकूर बंद केला. घोषणेपासून अंमलबजावणीपर्यंत दोन आठवडे मिळाले, आणि कित्येक चित्रकारांचे वर्षानुवर्षं जमवलेले वाचक पांगले. ऑगस्ट २०२१ मध्ये वर्गणीवर चालणाऱ्या ओन्लीफॅन्सनं उघड लैंगिक मजकूर बंद करतो म्हणून जाहीर केलं, कारण बँका असं सांगितलं, आणि आठवड्याच्या आत निर्णय मागं घेतला. मार्च २०२४ मध्ये डिजिटल माल विकायचं दुकान असलेल्या गमरोडनं असला माल विकणं जवळपास थांबवलं, कारण पुन्हा पैसे हाताळणाऱ्या कंपन्यांचे नियम. पुढच्याच महिन्यात जपानच्या डीएलसाइट या ऑनलाइन दुकानात व्हिसा आणि मास्टरकार्ड चालेनासे झाले. जुलै २०२५ मध्ये इच डॉट आयओ या खेळ आणि कॉमिक्स विकणाऱ्या स्थळानं प्रौढांसाठीची सगळी पानं एका रात्रीत शोधातून काढून टाकली. कोण चूक, कोण बरोबर हा वाद बाजूला ठेवा. सात वर्षांत पाच मोठे नळ एकतर बंद झाले, अर्धे बंद झाले किंवा बंद होता होता वाचले, एवढं लक्षात ठेवा.

माझ्या मैत्रिणीला हे २०२२ च्या गणपतीत कळलं. एका पेमेंट कंपनीनं 'तुमच्या खात्याची तपासणी चालू आहे' असा दोन ओळींचा ईमेल पाठवून साधारण दीड महिन्याची कमाई अडकवून ठेवली. घरात पाहुणे, उकडीचे मोदक, आणि ही आतल्या खोलीत फोनवर "प्लीज होल्ड" ऐकत बसलेली. पैसे सहा महिन्यांनी सुटले. तेव्हापासूनच्या तिच्या सवयी मी सगळ्यांना सांगते: कुठल्याही एका दुकानातून निम्म्याहून जास्त उत्पन्न येऊ द्यायचं नाही, पैसे तिकडे साठवायचे नाहीत, आले की बँकेत, सगळ्या वर्गणीदारांचे ईमेल त्यांच्या परवानगीनं स्वतःकडे ठेवायचे, म्हणजे दुकान बंद पडलं तरी गिऱ्हाईक हरवत नाही, आणि चार महिन्यांचा खर्च मुदत ठेवीत, ज्याला हात लावायचा नाही. शिवाय तिच्या कामाचा एक तृतीयांश भाग आता मुखपृष्ठांचा आहे. त्यावर कुठल्याच पेमेंट कंपनीची भुवई उंचावत नाही.

दुकानाची कापणीही धरायला हवी. ऑगस्ट २०२५ नंतर येणाऱ्या नव्या कलाकारांकडून पॅट्रिऑन १० टक्के घेतं, पैसे हाताळायची फी वेगळी. वर्गणीदारानं आयफोनच्या ॲपमधून पैसे भरले तर ॲपल ३० टक्क्यांपर्यंत घेऊ शकतं. म्हणून "कृपया ब्राउझरमधून या" ही विनवणी तुम्हाला बऱ्याच चित्रकारांच्या पानावर दिसेल.

गिऱ्हाईक परदेशात, कायदा ठाण्यात

"पण विकत घेणारा तर अमेरिकेत असतो ना?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. उत्तर: त्यानं काही फरक पडत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ वं कलम अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक रूपात प्रसिद्ध करण्याबद्दल किंवा पाठवण्याबद्दल आहे: पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. ६७ अ उघड लैंगिक कृतीबद्दल: पाच वर्षं आणि दहा लाख. पूर्वीचं भारतीय दंडसंहितेचं २९२ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९४ झालं. त्यात विक्रीसाठी अश्लील वस्तू निर्यात करणंही येतं, आणि आता इलेक्ट्रॉनिक मजकुराचाही उल्लेख आहे. म्हणजे पाठवणारा इथे बसलाय, तेवढं पुरतं.

मग अश्लील म्हणजे काय? नुसती नग्नता नव्हे, हे आपल्या न्यायालयांनी बऱ्याचदा सांगितलं आहे. १९५४ मध्ये मुंबईत जहांगीर कला दालनातल्या चित्रकार अकबर पदमसींच्या प्रदर्शनात प्रेमी युगुलांची चित्रं होती म्हणून त्यांना अटक झाली, आणि ते निर्दोष सुटले. बरोबर सत्तर वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पुन्हा पदमसींची आणि गोव्याच्या एफ. एन. सूझांची परदेशातून आणलेली सात चित्रं मुंबई उच्च न्यायालयासमोर होती. कस्टम्सनं ती अश्लील म्हणून जप्त केली होती. प्रत्येक नग्नचित्र अश्लील ठरत नाही असं सांगून न्यायालयानं ती परत करायला लावली. मधल्या काळात, २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं ब्रिटिशांच्या जमान्यातली जुनी कसोटी सोडून आजच्या समाजाच्या नजरेनं, संपूर्ण कृती बघून ठरवायचं असं म्हटलं. कलेसाठी कायद्यात सवलतही आहे.

पण यातली गोम अशी, की ही सवलत खटला उभा राहिल्यावर मिळते. पदमसी सुटले, पण आधी अटक झाली. तुमच्या-माझ्याकडे तेवढा वेळ आणि वकिलाचे पैसे आहेत का? माझ्या मैत्रिणीनं पहिल्याच वर्षी एका वकीलबाईंना फी देऊन तासभर बसून विचारलं. त्यांनी चहा ढवळत सांगितलं, "६७ अ पासून चार हात लांब राहा. ६७ बद्दल वाद घालता येतो, ६७ अ बद्दल घालायची वेळच आणू नका." म्हणून ती नग्नता काढते, शृंगार काढते, दार बंद होतं तिथे चौकट संपवते. उघड संभोगचित्रांना जास्त पैसे मिळतात हे तिला माहीत आहे. ते पैसे जर्मनीत किंवा कॅनडात बसलेल्या चित्रकारानं कमवावेत, त्यांचं गणित वेगळं आहे. इथून ते करणाऱ्यांची उदाहरणं देऊन कुणी तुम्हाला "काही होत नाही गं" म्हणत असेल, तर पकडलं गेल्यावर तो जामिनाला येणार आहे का हे विचारा.

नकाराची यादी

या धंद्यात टिकणारे लोक कशाला हो म्हणतात यापेक्षा कशाला नाही म्हणतात यावरून ओळखू येतात. माझ्या मैत्रिणीच्या ऑर्डर फॉर्मच्या वरच दोन नकार लिहिलेत.

एक: लहान मूल, किंवा लहान दिसणारं कुणीही. यावर चर्चा नाही. "ती दिसते बारा वर्षांची, पण गोष्टीत पाचशे वर्षांची परी आहे" ही पळवाट सांगणारे दर महिन्याला भेटतात. ६७ ब कलमात डिजिटल प्रतिमाही येतात, नुसते फोटो नव्हेत. कायदा नसता तरी उत्तर हेच असतं. असा निरोप आला की ती गिऱ्हाईक ब्लॉक करते आणि ॲडव्हान्स आलेला असेल तर परत पाठवते.

दोन: खरी माणसं, त्यांच्या संमतीशिवाय. एकदा एकानं तिप्पट पैसे देऊ केले आणि सोबत फोटो पाठवला. ऑफिसच्या पार्टीत केक कापणारी एक मुलगी, गळ्यात आयडी कार्डाची निळी पट्टी. "ही माझी मैत्रीण आहे, तिला सरप्राइज द्यायचंय." माझ्या मैत्रिणीनं उत्तर लिहिलं, तिलाच मेल करायला सांगा. पुन्हा उत्तर आलं नाही. ती निळी पट्टी मला अजून आठवते.

बाकीचे नियम धंद्याचे: निम्मे पैसे आधी, रेखाटन पसंत पडल्यावर रंग, दोन बदल फुकट आणि तिसऱ्यापासून पैसे, मोठ्या आकाराची फाइल सगळे पैसे आल्यावर. चार्जबॅकवर पूर्ण औषध नाही. पण रेखाटन पसंत केल्याचा निरोप जपून ठेवला की निदान भांडता येतं.

एक कागद मात्र बहुतेक जण विसरतात. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमात असं आहे, की पैसे देऊन कुणी चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं, आणि उलट करार केलेला नसला, तर त्या चित्राचा पहिला मालक तो पैसे देणारा. चित्रकार नव्हे! म्हणजे तीन ओळींचा करार नसेल तर तुमचंच चित्र तुमच्याच संग्रहात विकायला तुम्हाला गिऱ्हाइकाची परवानगी लागेल. तिच्या फॉर्मवर तळाशी एक वाक्य आहे: हक्क चित्रकाराकडे, तुम्हाला खासगी वापराची परवानगी. गिऱ्हाईक खाली टिक करतं, झालं.

टोपणनावानं काम करता येतं, कर टोपणनावानं भरता येत नाही. बँक, पॅन, केवायसी सगळं खऱ्या नावानं. बँकेत येणाऱ्या परकीय चलनाला कारण सांगावं लागतं, तिथे 'चित्रकला सेवा' हे खरंही आहे आणि पुरेसंही. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी. परदेशी गिऱ्हाइकाला दिलेली सेवा निर्यात म्हणून बसत असेल तर हमीपत्र भरून कर न लावता बिल करता येतं. आगाऊ कराच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. सीएला काय काढता ते सरळ सांगा. आमच्या सीए काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून एवढंच विचारलं, "बिलं आहेत ना?"

घरच्यांचं काय, हेही विचारतात. तिची आई शेजारणींना सांगते, "पुस्तकांची कव्हरं करते." ते एक तृतीयांश खरं आहे.

परवा ज्या मुलीनं विचारलं, तिनं सोबत तिची वीस चित्रं पाठवली होती. मी ती मैत्रिणीला दाखवली. रंग छान, चेहरे बोलके. तिनं टॅबलेटवर एकेक मोठं करून पाहिलं, पुन्हा पहिल्यावर आली, आणि मला म्हणाली, "हिला विचार, सगळ्यांचे हात पाठीमागे का आहेत?"

विचारलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "हात जमत नाहीत ताई."

"मग वहीभर हात काढायला सांग," मैत्रीण म्हणाली, "आणि मग दर ठरवू."